बोलोन्यात एक सत्र (सप्टेंबर ते फेब्रुवारी): आधी काय, मग काय?

कटिंग_चहा

नमस्कार मंडळी. एमए इतिहास, तिसरं सत्र. विद्यापीठाच्या करारातून सप्टेंबर ते फेब्रुवारी इटलीत बोलोन्याला जायचं ठरलंय. तिकडे फी नाही, राहण्याखाण्याचा खर्च आपला. कॉलेजने कागदांची यादी दिली आहे, पण कशाच्या आधी काय करायचं आणि गाडी कुठे अडते, ते तिच्यात नाही. म्हणून विचारते:

खोली इथूनच पक्की करावी की तिथे जाऊन बघावी? उतरल्यावर राहण्याचा परवाना काढावा लागतो म्हणतात, तो नेमका कसा? तोंडी परीक्षा आणि क्रेडिटचं काय? आणि फ्रँकफर्टमार्गे जाण्या-येण्याचं तिकीट स्वस्त मिळतंय, ते आत्ताच काढून टाकू का?

पावती_जपून_ठेवा

तिकिटापासून सुरुवात करतो, कारण चूक तिथेच होते. जाताना फ्रँकफर्टमार्गे गेलात तरी हरकत नाही. येतानाचं तिकीट मात्र व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नका. कारण खाली येतंच आहे.

तुमचा मुक्काम ९० दिवसांच्या वर, म्हणजे राष्ट्रीय व्हिसा, टाइप डी, शिक्षणासाठीचा. त्याची फी ५० युरो, वर व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार. बोटांचे ठसे द्यायला स्वतःला जावं लागतं, एजंट चालत नाही. बोलोन्याहून येणाऱ्या पत्रात शेवटची तारीख कोणती लिहिली आहे ते आधी बघा. तासिका डिसेंबरात संपतात, पण परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असतात. पत्रात ‘डिसेंबरअखेर’ असेल तर व्हिसाही तेवढाच मिळू शकतो आणि परीक्षेच्या तोंडावर तुम्ही लटकता. पत्र दुरुस्त करून मागायला एक ईमेल पुरते. व्हिसा लागल्यावर ते निस्तरणं फार अवघड.

आता परवाना, म्हणजे ‘पेर्मेसो दी सोज्जोर्नो’. इटलीत पोचल्यापासून कामकाजाच्या ८ दिवसांत अर्ज टाकायचा. अर्ज पोलिसांकडे नाही, पोस्टात द्यायचा. ज्या टपाल कार्यालयात ‘स्पोर्तेल्लो आमिको’ अशी खिडकी असते तिथे अर्जाचा संच फुकट मिळतो. शिक्षणासाठी त्यातला पहिला फॉर्म, मोदुलो १, तेवढाच भरायचा. सोबत पासपोर्टच्या माहितीच्या, व्हिसाच्या आणि शिक्क्यांच्या पानांच्या झेरॉक्स, विद्यापीठाचं पत्र, आरोग्य विम्याचा कागद, पैशांचा पुरावा. फॉर्मवर १६ युरोचा महसुली स्टँप (मार्का दा बोल्लो) लावायचा. तो पोस्टात मिळत नाही, सिगारेटच्या दुकानात मिळतो. काळ्या पाटीवर पांढरा ‘टी’ दिसला की ते दुकान. पोस्टात ७०.४६ युरोचं चलन भरायचं आणि ३० युरो खिडकीवर द्यायचे. एकूण ११६.४६ युरो.

लिफाफा चिकटवून नेऊ नका. खिडकीवरचा माणूस आतले कागद मोजतो, बंद लिफाफा परत देतो. मग तो दोन गोष्टी देईल: पावती आणि क्वेस्तूरात (पोलिसांचं मुख्य कार्यालय) ठसे द्यायला यायची तारीख. ती कधीकधी दोन-तीन महिन्यांनंतरची असते. त्या दिवशी चार फोटो आणि सगळ्या कागदांच्या मूळ प्रती न्यायच्या.

एका सत्रासाठी आलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात ते कार्ड येईपर्यंत निघायची वेळ झालेली असते. त्याने बिघडत नाही, पावतीवर राहता येतं. पण डी व्हिसा चालू आहे तोवरच इतर शेंगेन देशांत (आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट; इटली, जर्मनी त्यातच) फिरता येतं, तेही १८० दिवसांत ९० दिवस. व्हिसा संपला आणि हातात फक्त पावती असेल, तर इटलीतून थेट किंवा दुबई, दोहा, इस्तंबूल अशा शेंगेनबाहेरच्या वाटेनेच परतायचं. फ्रँकफर्टला विमान बदलायला गेलात तर तिथल्या अधिकाऱ्याच्या लेखी तुम्ही कागदाविना जर्मनीत आलेल्या. आता परतीच्या तिकिटाचं ठरवा.

ओसरीवरून

खोलीचं बोलते. बोलोन्यात हे सगळ्यात अवघड काम आहे, व्हिसाहूनही. सप्टेंबरात सगळं गाव एकदम खोल्या शोधत असतं. जूनपासून लागा.

जाहिरातीत दोन शब्द सारखे दिसतील. ‘कामेरा सिंगोला’ म्हणजे एकटीची खोली. महिना साधारण ५०० ते ६५० युरो धरा. ‘पोस्तो लेत्तो’ म्हणजे दोघींच्या खोलीतला एक बिछाना, ३०० ते ४०० च्या आसपास. भाड्यात वीज, गॅस, इमारतीचा देखभाल खर्च (स्पेझे) धरलाय का ते विचारा. धरला नसेल तर हिवाळ्यात महिना ५०-८० युरो सहज वर जातात. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे. एजन्सीमार्फत घेतलीत तर बहुधा एक महिन्याचं भाडं आणि त्यावर कर, एवढी दलाली.

‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा. फोटोतल्या खिडकीतून दिसणारा रस्ता व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. खऱ्या मालकाला त्यात काही वाटत नाही.

करार नोंदवलेला (रेजिस्त्रातो) हवा. नोंद नसलेला करार अडचणीच्या वेळी उपयोगाचा नाही. करारासाठी तुमचा ‘कोदिचे फिस्काले’ लागतो. आपल्या पॅनसारखा, पण १६ अक्षर-अंकांचा. कर कार्यालयात (आजेंत्सिया देल्ले एन्त्राते) पासपोर्ट दाखवून फुकट मिळतो. शिवाय युरोपबाहेरच्या माणसाला घरात ठेवल्याची खबर मालकाने ४८ तासांत पोलिसांना द्यायची असते. त्याची प्रत मागून घ्या, पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. मालक ही खबर द्यायला कां-कूं करत असेल तर समजा, करारही नोंदवणार नाही.

पहिले आठ-दहा दिवस वसतिगृहवजा हॉस्टेलमध्ये काढून खोली बघायची, हा बेत सप्टेंबरात महागात पडतो. इथून एखादी तात्पुरती जागा महिनाभरासाठी पक्की करा आणि तिथे राहून पुढची शोधा. गाव छोटं आहे, बाहेरच्या रिंगरोडच्या (व्हियाली) आत सगळं चालत होतं. स्टेशनमागचं बोलोन्यीना जरा स्वस्त, विया झांबोनीच्या विद्यापीठ भागापासून चालत २५-३० मिनिटं.

इतिहासवाल्या आहात म्हणून सांगते. खोल्यांची ही टंचाई विद्यापीठाइतकीच जुनी आहे. विद्यापीठ १०८८ पासूनचं मानतात. माणसं वाढली तशी लोकांनी वरच्या मजल्याच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या, खाली लाकडी खांबांचा टेकू दिला, आणि गावाला पोर्टिको, म्हणजे इमारतींखालून जाणाऱ्या खांबांच्या छतवाल्या पायवाटा, मिळाले. १२८८ च्या नियमाने नव्या घरांना पोर्टिको सक्तीचा केला आणि त्याची उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे २.६६ मीटर ठेवायला लावली. घोड्यावरचा माणूस खालून जायला हवा ना. आज शहरात मिळून ६२ किलोमीटर पोर्टिको आहेत, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. पावसाळी नोव्हेंबरात छत्री नसली तरी वर्गापर्यंत कोरडं पोचता येतं, हा त्यातला आपला फायदा.

मीटर_पुन्हा_उडाला

ओसरीवरून यांच्या उत्तराला एक पुरवणी. विद्यार्थ्यांसाठीचा जो खास करार असतो त्याची मुदत कमीत कमी ६ महिने. तुमचं सत्र पाच-साडेपाच महिन्यांचं. मालक तो करार पुढे करील, सही करण्याआधी लवकर सोडायची अट आणि नोटिशीची मुदत वाचा. तीन महिन्यांची नोटीस लिहिली असेल तर सोडायची चिठ्ठी नोव्हेंबरातच द्यावी लागेल. नाहीतर साधा ‘ट्रान्सितोरियो’ करार मागा, तो १ ते १८ महिन्यांचा करता येतो, फक्त तात्पुरत्या मुक्कामाचं कारण कागदानिशी दाखवावं लागतं. विद्यापीठाचं पत्र चालतं.

घरातल्या दोन गोष्टी. इटलीतल्या घरांना बहुतेक ३ किलोवॉटचीच वीजजोडणी असते. इंडक्शन, कपड्यांचं मशीन आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलंत की मीटर पडतो. तो पुष्कळदा तळमजल्यावर किंवा तळघरात असतो आणि दाराची किल्ली मालकाकडे. पहिल्याच दिवशी मीटर कुठे आहे ते विचारून ठेवा. दुसरं, हीटर. बोलोन्या हवामानाच्या ‘ई’ विभागात येतं, म्हणजे घरं तापवायची मुभा १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास. इमारतीचा बॉयलर सामायिक असेल तर तुम्ही कितीही कुडकुडलात तरी १४ ऑक्टोबरला तो लागत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी गोधडीची सोय बघा.

शनिवार-रविवारी पोचू नका. मध्यावरचे मुख्य रस्ते त्या दोन दिवशी वाहनांना बंद असतात, बसेस वळवतात, आणि दोन बॅगा घेऊन दगडी फरशीवरून चालावं लागतं. शिवाय कचेऱ्या बंद.

कटिंग_चहा

बापरे, नोटिशीचं लक्षातच आलं नसतं. धन्यवाद सगळ्यांना. आरोग्य विमा कुठला घ्यावा? तिथल्या सरकारी योजनेत नाव घालता येतं असं ऐकलं. आणि परीक्षेचं कोणी सांगेल का?

पावती_जपून_ठेवा

येतं, पण तुमच्या महिन्यांना ते परवडत नाही. विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्यसेवेत स्वेच्छेने नाव घालायला २०२४ पासून वर्षाला ७०० युरो पडतात (आधी १५० च्या आत होते). आणि हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजतात. सप्टेंबरात भरलेत तर ३१ डिसेंबरला संपलं. जानेवारी-फेब्रुवारीसाठी पुन्हा ७००. म्हणून एका सत्राला खाजगी विमाच ठीक. व्हिसाला ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, तीच पॉलिसी पूर्ण मुक्कामाची घ्या आणि तिच्यात इटलीचं नाव किंवा शेंगेन स्पष्ट लिहिलेलं असू द्या. परवान्याच्या अर्जात तिचीच प्रत जोडायची. आधी महिन्याची काढून मग वाढवू म्हटलंत तर पोस्टातला अर्ज पुढे अडतो.

तीस_पैकी_अठरा

परीक्षेचं मी सांगतो.

गुण ३० पैकी. १८ ला पास, वर ‘३० ए लोदे’ म्हणजे विशेष प्रावीण्य. मानव्यशास्त्रांत बहुतेक परीक्षा तोंडी. प्राध्यापक समोर, मागे इतर मुलं बसून ऐकतायत, आणि पंधरा ते तीस मिनिटं प्रश्न. पहिला प्रश्न पुष्कळदा ‘तुमच्या आवडीचा विषय सांगा’ असा असतो. तो सोपा समजू नका: तिथून खोल जात जात पुस्तकातल्या तळटिपांपर्यंत नेतात. वाचायच्या यादीतलं एक पुस्तक गाळून चालत नाही. आपल्याकडची ‘पाचपैकी कोणतेही तीन’ ही सोय तिथे नाही.

प्रत्येक विषयाच्या एका हंगामात दोन-तीन तारखा (अपेल्लो) असतात. नाव विद्यापीठाच्या आल्माएसामी या प्रणालीत घालावं लागतं आणि यादी परीक्षेच्या काही दिवस आधी बंद होते. यादीत नाव नसेल तर प्राध्यापकांची इच्छा असूनही परीक्षा होत नाही. मिळालेले गुण पटले नाहीत तर नाकारून पुढच्या तारखेला बसता येतं. म्हणून पहिली तारीख जानेवारीतली घ्या. फेब्रुवारीची राखून ठेवली आणि ती हुकली, तर पुढची उन्हाळ्यात, तेव्हा तुम्ही पुण्यात.

क्रेडिट: तिकडचं एक क्रेडिट म्हणजे २५ तासांचं काम, सत्राला ३०. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट, म्हणजे एकाला ३० तास. वर्षाला वर्ष लावलं तर तिकडचे ६० म्हणजे आपले ४०; सत्राचे ३० म्हणजे २०. सहा क्रेडिटचा एक विषय आपल्याकडे चारचा. तुमच्या विभागाने वेगळं सूत्र धरलं असेल तर तेच चालेल, पण निघण्याआधी लेखी घ्या. ३० पैकी २७ चे आपल्या श्रेणीत किती, तेही त्याच कागदावर. परत आल्यावर बोलू म्हणणारे विभागप्रमुख तोवर बदललेले असतात.

विषयांच्या करारात (लर्निंग अ‍ॅग्रीमेंट) दोन विषय जास्तीचे लिहा. सप्टेंबरात वेळापत्रक लागतं तेव्हा दोन विषय एकाच वेळी येतात किंवा एखादा दुसऱ्या सत्रात ढकललेला असतो. बदल करायला ठराविक मुदत असते. करारात नसलेल्या विषयाची परीक्षा दिली तरी गुणपत्रकात येईलच असं नाही. गुणपत्रकही शेवटच्या परीक्षेनंतर काही आठवड्यांनी येतं, तेव्हा इकडच्या चौथ्या सत्राचा प्रवेश त्याच्यावाचून अडणार नाही ना, हे आधी विचारा.

तासिका १० ला लिहिली असेल तर सव्वादहाला सुरू होते. विद्यापीठाला कुंपण नाही, वर्ग गावभर विखुरलेले आहेत, आणि ती पंधरा मिनिटं एका इमारतीतून दुसरीत पोचायला लागतातच.

कटिंग_चहा

आता शेवटचं. आई बॅगेत दोन किलो तूप, पेढे आणि कढीपत्ता भरते आहे.

ओसरीवरून

आईंना सांगा, दुधाचं काहीही युरोपात प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही. तूप, पेढे, खवा, सगळं. मांसमच्छीचा मसाला असेल तर पाकिटावर बघा, त्यात मांसाचा अंश नको. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणजे नाहीच. कढीपत्ता उन्हात वाळवून चुरा करून द्या. गोडा मसाला, मेतकूट, पोहे, साबुदाणा, सांडगे, पापड चालतात. हिंग दोन डब्यांत घालून द्या, नाहीतर सगळी बॅग वास मारील.

आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. इथल्या मोबाइलच्या चार्जरची दोन गोल पिनं बहुतेक ठिकाणी बसतात. कुकर न्यायचा तर तीन लिटरचा, आणि बाहेरून स्टीलचा; इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा तापत नाही. जास्तीचं रबर आणि शिट्टी विसरू नका.