सशाऐवजी पेशींवर केलेली स्किन इरिटेशन टेस्ट: भरवसा ठेवायचा का?

हळदकांडी_सांगली:
नमस्कार मंडळी. मी घरी हळद-कडुनिंबाचा साबण आणि फेसवॉश बनवते, आता लायसन्स काढून जरा मोठ्या प्रमाणावर करायचं चाललंय. एका लॅबला विचारलं तर म्हणाले, सशावर आम्ही करत नाही, माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या कातडीवर करतो. मला प्राण्यांवर काही करायचंच नाहीये, त्यामुळे ते बरंच झालं. पण डिशमधल्या पेशी लाल होत नाहीत, त्यांना खाज सुटत नाही, मग झोंबलं हे कळतं कसं? लोक चेहऱ्याला लावणार आहेत म्हणून नीट समजून घ्यायचंय.

कल्चर_हूड:
ताई, कॉस्मेटिकसाठी प्राण्यांवर टेस्ट करायला आपल्याकडे मे 2014 पासून बंदीच आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तसं टेस्ट केलेला माल आयात करायलाही. लॅब सांगतेय ती ओईसीडीची (टेस्टच्या पद्धती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) 439 नंबरची पद्धत असणार, 2010 ची. ऑपरेशनमध्ये काढलेली कातडी संमतीने घेतात, त्यातल्या केराटिनोसाइट, म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या पेशी जाळीवर वाढवतात आणि मग वरची बाजू हवेला उघडी ठेवतात, त्यामुळे थरावर थर चढत जाऊन सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा कोरडा थर तयार होतो, अगदी आपल्या कातडीसारखा. अशा तयार कातडीचे ब्रँड असतात. त्यावर सँपल लावायचं, एपिडर्म ब्रँड असेल तर 60 मिनिटं, एपिस्किन असेल तर 15, मग धुऊन 42 तास इनक्युबेटरमध्ये. नंतर एमटीटी नावाचा पिवळा डाय घालतात, जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, तो जांभळा रंग आयसोप्रोपॅनॉलमध्ये उतरवून मशीनवर मोजायचा. नुसतं बफर (न झोंबणारं क्षारांचं पाणी) लावलेल्या तुकड्याच्या तुलनेत 50 टक्के किंवा त्याहून कमी पेशी जगल्या तर इरिटंट. शेजारी एका तुकड्यावर 5 टक्के एसडीएस लावलेलं असतं, म्हणजे शाम्पूतलं सोडियम लॉरिल सल्फेट, तो मेला नाही तर त्या दिवसाची टेस्टच बाद.

सशावर काय करायचे तर केस भादरून अर्धा मिली द्रव्य 4 तास पट्टीखाली ठेवायचं आणि लाली, सूज डोळ्यांनी बघून मार्क द्यायचे. हे ड्रेझ नावाच्या शास्त्रज्ञाच्या 1944 च्या पेपरपासून चालू आहे, आणि एकाच द्रव्याला वेगवेगळ्या लॅबमध्ये वेगवेगळे मार्क पडतात हे 1971 मध्येच छापून आलं होतं. शिवाय सशाची कातडी आपल्यापेक्षा जास्त झिरपू देते. मला तर पेशींचाच रिपोर्ट जास्त पटतो.

एमएस्सी_बायोटेक:
एमटीटी तर आमच्या कॉलेजातही करतात, हॅकॅट पेशींवर, म्हणजे लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या माणसाच्या कातडीच्या पेशींवर. तेच करून घेतलं तर खूप स्वस्तात नाही का होणार?

कल्चर_हूड:
नाही चालणार. त्या पेशी प्लेटच्या तळाला एकाच थरात असतात, वर कोरडा थर नाही, मग सौम्य साबणसुद्धा त्यांना मारतो आणि निकाल उगाच भीतीदायक येतो. आणि तेल, मेण, क्रीम मीडियात (पेशी ज्या पाण्यासारख्या द्रवात वाढतात त्यात) विरघळतच नाही, ते लावणार कसं?

त्वचारोग_ओपीडी:
एक गोष्ट सगळे विसरतात म्हणून लिहितोय. इरिटेशन वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. ही टेस्ट फक्त पहिल्याचं उत्तर देते. ॲलर्जीत इम्यून सिस्टिम एखाद्या रेणूला ओळखायला शिकते आणि पुढच्या वेळी कातडी पेटते, ते या तुकड्यात दिसूच शकत नाही कारण त्यात त्या पेशीच नाहीत. सुगंधी तेलं घालत असाल तर तिकडे लक्ष द्या, माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये सुगंधाची ॲलर्जी नेहमीची आहे. त्यासाठी ओईसीडीच्या 442सी, 442डी, 442ई या वेगळ्या टेस्ट आहेत, त्याही प्राण्यांशिवाय होतात. आणि पेशींवर पास झाल्यावर माणसांवर पॅच टेस्ट (थोडासा माल पट्टीखाली कातडीवर ठेवून बघायचा), डॉक्टरच्या देखरेखीखाली, आपल्या आयएस 4011 या भारतीय मानकात आहे ती. आधी पेशी मग माणूस, हा क्रम उलटा करू नका. "घरच्या सगळ्यांनी वापरला, काही झालं नाही" याला पॅच टेस्ट म्हणत नाहीत.

हळदकांडी_सांगली:
डॉक्टर, दादा, दोघांचे आभार. सुगंधी तेलाचं खरंच डोक्यात नव्हतं. अजून एक, हळदीच्या रंगाने ते मशीन फसणार नाही का?

कल्चर_हूड:
ताई, प्रश्न एकदम बरोबर विचारलात. मशीन 570 नॅनोमीटरला वाचतं, हळदीचा पिवळा तिथे फारसा येत नाही, पण साबण अल्कली असतो आणि अल्कलीत हळद लाल होते, कुंकू तसंच तर करतात, तो लाल रंग तिकडे सरकतो. आणि त्याहून मोठा घोळ म्हणजे वनस्पतींच्या अर्कातली अँटिऑक्सिडंट एमटीटीला स्वतःच जांभळं करू शकतात, मग मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात आणि झोंबणारा माल पास होतो. म्हणून लॅबला आधीच सांगा की यात हळद आणि कडुनिंब आहे, आणि मुद्दाम मारलेल्या तुकड्यावर एक आणि एमटीटी न घालता नुसत्या मालाच्या रंगासाठी एक, असे दोन्ही कंट्रोल (तुलनेच्या टेस्ट) लावून घ्या. दुसरं, आख्खा साबण तासभर लावून ठेवला तर इरिटंट येण्याचीच शक्यता जास्त, आपण तर तो अर्ध्या मिनिटात धुतो. त्यापेक्षा ईटी-50 मागा, म्हणजे अर्ध्या पेशी मरायला किती वेळ लागला ते, त्यावरून तुमच्या दोन रेसिपींमधली सौम्य कुठली ते कळेल. कोटेशनमध्ये हे सगळं लिहून घ्या, नंतर मागितलं तर तुकडे परत मागवावे लागतात आणि ते जिवंत असतात, साठवून ठेवता येत नाहीत.