क्युशूत कॅम्परव्हॅनने ११ दिवस, ज्वालामुखी आणि समुद्र, सोबत सासूबाई: सल्ला हवाय

रानवाट_पुणे
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जपानला निघतोय, आम्ही दोघं, लेक (११ वर्षं) आणि सासूबाई (६७). टोकियो-क्योटो मागे एकदा झालंय, म्हणून यावेळी फक्त क्युशू, म्हणजे दक्षिणेकडचं मोठं बेट. फुकुओकात उतरायचं, तिथेच व्हॅन घ्यायची आणि ११ दिवसांनी तिथेच परत द्यायची. कच्चा प्लॅन असा: बेप्पू, मग यामानामी हायवेने आसो, ताकाचिहो, निचिनानचा किनारा, साकुराजिमा, इबुसुकी, परत वर येऊन कुमामोतोहून फेरीने शिमाबारा-उन्झेन, नागासाकी, फुकुओका. लेकीला शाळेत ज्वालामुखी झाल्यापासून एकच ध्यास आहे, खरं विवर वरून आत बघायचं. सासूबाईंना दमा आहे (पंप असतो, पण घाट-जिने चढतात), आणि आम्ही सगळे शाकाहारी, अंडं चालतं. प्लॅन फार होतोय का, रात्री गाडी कुठे लावायची, लायसन्सचं काय, जेवणाचं काय, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

हाकाता_९वर्षं
ताई, आधी दम्याचंच बोलते कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. आसोच्या नाकादाके विवरातून सल्फर डायऑक्साइड येतो आणि दमा, ब्राँकायटिस, हृदयाचा त्रास असलेल्यांनी विवराच्या काठावर जायचंच नाही असा तिथला स्पष्ट नियम आहे, बोर्ड लावलेत, भोंग्यावरून पण सांगतात. पंप आहे म्हणून पाच मिनिटं जाऊन येऊ असं अजिबात करू नका, गॅसचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. सासूबाईंना खाली कुसासेन्रीला थांबवा. तिथे मोठं गवताळ पठार आहे, तळी आहेत, घोडे आहेत, समोरच ज्वालामुखीचं म्युझियम आहे, निवांत दोन तास जातील आणि धूर तिथूनही दिसतो. तुम्ही दोघांपैकी एकजण त्यांच्याबरोबर आणि एकजण लेकीबरोबर वर, मग हवं तर अदलाबदल.

दुसरं म्हणजे विवर उघडं असेलच असं नाही. वारा फिरला आणि गॅस वाढला की तासाभरात बंद करतात, कमी झाला की परत सोडतात, आणि हवामान खात्याने धोक्याची पातळी १ वरून २ केली की एक किलोमीटरच्या आत कोणालाच सोडत नाहीत. आम्ही तीन वेळा गेलो, दोनदा बंद. तिसऱ्या वेळी सकाळी बंद होतं, आम्ही गाडीतच चहा केला, मुलं गवतात खेळली, आणि साडेअकराला रस्ता उघडला. व्हॅनचा खरा उपयोग हाच आहे हो, थांबता येतं. हॉटेलं बुक करून फिरणाऱ्यांना दुपारी पुढचं गाव गाठायचं असतं, तुम्हाला नसतं. म्हणून माझं म्हणणं, आसोत एक नाही तर तीन रात्री काढा आणि त्यासाठी नागासाकी सोडा. लेक विवर बघायला निघालीये ना, मग प्लॅन विवराभोवती फिरू दे.

बेसाल्टप्रेमी
वरच्या ताईंना +१. मी भूगर्भशास्त्र शिकवतो म्हणून थोडं वाढवून सांगतो. आसोत गेल्यावर आधी दाइकान्बोला जा, उत्तरेच्या कड्यावरची जागा आहे. तिथून खाली बघितलं की सपाट भातखाचरं, गावं, रेल्वेलाइन, सगळं दिसतं, आणि हे सगळं ज्वालामुखीच्या पोटात आहे हे लेकीला तिथेच उभं राहून सांगा. सुमारे ९० हजार वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट होऊन जमीन खचली आणि हा खड्डा झाला, उत्तर-दक्षिण साधारण २५ किमी, पूर्व-पश्चिम १८. नाकादाके हा त्याच्या मधोमध नंतर उठलेला डोंगर.

आपला सह्याद्रीपण लाव्हाचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पातळ बेसाल्ट वाहत येऊन थरावर थर बसून झाला. आसोचा मामला वेगळा, तिथे राख आणि प्युमिसचे (म्हणजे भोकाभोकांचा हलका दगड) तापलेले लोट सुटले. गंमत ताकाचिहोच्या घळीत आहे, तेच लोट तिथपर्यंत पोचले, इतके गरम की राख स्वतःच्याच वजनाने चिकटून दगड झाली आणि थंड होताना उभे खांब फुटले. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर हुबेहूब तसे खांब, फक्त इथे मधून हिरवं पाणी वाहतं आणि वरून १७ मीटरचा धबधबा पडतो. जायच्या आधी एका रविवारी तिला गिल्बर्ट हिल दाखवून आणा, मग तिकडे ती स्वतःच ओळखेल.

निचिनानच्या किनाऱ्यावर आओशिमाला दगडांच्या लांबच लांब सरळ पट्ट्या आहेत, राक्षसाचा धुणं धुवायचा फळा म्हणतात त्याला. तो मात्र ज्वालामुखीचा नाही, वाळूचा आणि चिखलाचा दगड आलटून पालटून आहे, मऊ थर लाटांनी झिजला आणि कठीण राहिला. ओहोटीची वेळ बघूनच जा, भरतीला सगळं पाण्याखाली जातं.

रानवाट_पुणे
बापरे, किती छान सांगताय सगळे. गिल्बर्ट हिल नक्की करतो. दम्याचं ऐकून अहोंनी लगेच सासूबाईंशी बोलून घेतलं, त्या म्हणाल्या मला धूर लांबूनच बरा. लायसन्स आणि रात्रीचं कोणी सांगेल का?

डिझेलभाऊ
मी ठाण्याहून गेलो होतो, तर अनुभवाचं सांगतो. आरटीओतून मिळणारं आपलं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारातलं आहे, जपानला तेच लागतं, एक वर्ष चालतं, मूळ लायसन्सपण बरोबर ठेवा. गाडी डावीकडूनच, त्यामुळे सवय लागते पटकन, पण लाल उलटा त्रिकोण दिसला की चाकं पूर्ण थांबवायची, रेल्वे फाटक उघडं असलं तरी थांबून मगच पुढे, आणि सिग्नल लाल असताना डावीकडेही वळायचं नाही. पंपावर लाल नळी साधं पेट्रोल, पिवळी हाय-ऑक्टेन, हिरवी डिझेल. आपल्याकडच्या सवयीने रंगावर जाऊ नका, गाडी घेतानाच विचारून झाकणाचा फोटो काढून ठेवा.

रात्रीसाठी मिचि-नो-एकि असतात, म्हणजे हायवेलगतचे थांबे, पार्किंग आणि संडास २४ तास, फुकट आणि लख्ख. पण ते दमलेल्या ड्रायव्हरने डुलकी काढायला आहेत, मुक्कामाला नाहीत, खुर्च्या-टेबल बाहेर मांडून शेगडी पेटवणं तर अजिबात नाही. चार जणांनी रोज तिथेच राहणं बरोबर दिसत नाही. आरव्ही पार्क नावाच्या पैसे देऊन राहायच्या जागा आहेत, बऱ्याच ठिकाणी वीज मिळते, आणि ऑटोकॅम्पच्या जागा आहेत, तिथे स्वयंपाक करता येतो. विजेचं एवढ्यासाठी म्हणतो की आसोत रात्री आमचा हीटर मध्येच बंद पडला, ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी जादाची बॅटरी नीट चार्ज करून दिली नव्हती आणि आम्ही घेताना तपासली नाही. रात्रभर इंजिन चालू ठेवायचं नसतं तिकडे, शेजारच्यांना त्रास, मग सगळे कपडे घालून सकाळ होईपर्यंत बसलो. तुमच्याबरोबर वयस्कर माणूस आहे, गाडी ताब्यात घेताना हीटर अर्धा तास लावून बघा, संकोच करू नका.

श्टुटगार्टची_वैदेही
इथेच विचारते, माझ्याकडे जर्मन लायसन्स आहे, त्याचं परमिट चालेल ना जपानमध्ये?

डिझेलभाऊ
नाही चालत. जर्मनीचं परमिट दुसऱ्या करारातलं, जपान ते धरत नाही. जर्मन लायसन्सचं अधिकृत जपानी भाषांतर करून घ्यायचं, मूळ लायसन्स आणि भाषांतर दोन्ही जवळ ठेवायचं.

हाकाता_९वर्षं
जेवणाचं सांगते. शाकाहारी माणसाची अडचण मांसाची नाही, दाशीची आहे, सूप, सॉस, उडॉनचं (जाड नूडल्सचं) पाणी, अगदी भाजीच्या परतवणीतही सुक्या माशाचा अर्क असतो. त्यामुळे व्हॅनमध्ये शिजवणं हेच उत्तम. मेतकूट, पोहे, डाळी, मसाले घरून आणा, तांदूळ, दही, टोफू, भाज्या इथे कुठेही मिळतात, मिचि-नो-एकिवर तर शेतकऱ्यांची ताजी भाजी असते. गॅसची कॅन विमानात नेता येत नाही, इथे सुपरमार्केटात घ्या.

आणि बेप्पूला कान्नावाला नक्की जा. जमिनीतून गरम वाफ येते, त्यावर टोपल्या ठेवून शिजवायची सोय आहे, पैसे देऊन वेळ घ्यायची आणि आपलं आपण शिजवायचं. आम्ही रताळी, भोपळा, मका आणि अंडी लावली होती. झाकण उचललं की चष्मा पांढरा होतो आणि गंधकाचा वास येतो, पण रताळ्याला नाही लागत तो, नुसतं मीठ लावून खाल्लं. माझी आई आलेली तेव्हा, ती म्हणाली उपासाचं पूर्ण जेवण झालं. (वाफ गंधकाची आहे, त्यामुळे सासूबाईंना टोपलीजवळ उभं करू नका, टेबलावर बसू दे.)

आंघोळीचं, व्हॅनमध्ये बहुतेक शॉवर नसतो, ओनसेनलाच जायचं, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याची सार्वजनिक न्हाणीघरं. सगळ्यांसमोर विवस्त्र व्हायचा संकोच असेल तर काझोकुबुरो विचारा, म्हणजे कुटुंबासाठी वेगळी खोली, तासावर मिळते, कुमामोतो आणि ओइता भागात भरपूर. सासूबाई आणि लेक निवांत बसतील.

राखेतला_प्रवासी
साकुराजिमाबद्दल, म्हणजे कागोशिमासमोरच्या ज्वालामुखीबद्दल, एकच पण मनापासून. आम्ही बेटावर होतो आणि सकाळी काचेवर राखाडी थर, मी सवयीने वायपर लावायला गेलो तर पंपावरचे आजोबा दोन्ही हात हलवत धावत आले, बादलीने पाणी ओतलं, मग हाताने खूण केली, आता लाव. ती राख म्हणजे काचेचा नि दगडाचा चुरा आहे, कोरडा वायपर फिरवला की काच कायमची ओरखडते, आणि भाड्याच्या गाडीची काच म्हणजे भुर्दंड. दोन लिटरच्या बाटल्या भरून ठेवा. राख पडत असेल तर सासूबाईंना मास्क आणि खिडक्या बंद, नाहीतर त्या दिवशी बेट सोडाच, कागोशिमातूनच बघा, समोरच दिसतो.

वर चढायला १९५५ पासून बंदी आहे, पण कुरोकामीची कमान बघा. १९१४ च्या उद्रेकात तीन मीटरची देवळाची कमान राखेत बुडली, आता वरचा मीटरभरच दिसतो, लेकीच्या उंचीपेक्षाही कमी. त्याच उद्रेकाच्या लाव्हाने बेट मुख्य जमिनीला जोडलं गेलं, म्हणजे निचिनानकडून येताना तुम्ही त्याच लाव्हावरून गाडीने बेटावर जाल आणि फेरीने १५ मिनिटांत कागोशिमाला उतराल. ती बाजू निवडा.

रानवाट_पुणे
सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री घरात बसून परत आखणी केली. नागासाकी आणि उन्झेन काढलं. लेकीला उन्झेन हवं होतं, पण तिला सांगितलं की पुढच्या वेळी. बेप्पू एक रात्र, आसो तीन (त्यातल्या दोन विजेच्या जागी, एक साध्या हॉटेलात म्हणजे सासूबाईंची पाठ आडवी होईल), ताकाचिहो एक, निचिनान दोन, साकुराजिमा एक, इबुसुकी एक, आणि परतीला एक रात्र मोकळी. विवराचा दिवस ठरवलाच नाहीये, तिन्ही दिवस सकाळी बघायचं. हीटर तपासायचा कागद अहोंनी आत्ताच पाकिटात घातला. सासूबाईंनी फक्त एक विचारलंय, इबुसुकीला गरम वाळूत पुरून घेतात ते दम्याच्या माणसाने करावं का? डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण इथे कोणी घरच्या वयस्कर माणसाला नेलं असेल तर सांगा.