अडचणीतल्या जत्रा मैदानाला नगरपरिषदेने कर्ज द्यावे का?

चर्चाप्रस्ताव

एखादी बिगरनफा संस्था पिढ्यानपिढ्या चालवत आलेले जत्रा मैदान डबघाईला येते, बँका अर्जाला हात लावत नाहीत आणि शेवटी संस्था नगरपरिषदेकडे कर्ज मागते, असा प्रसंग अनेक शहरांवर येतो. कर्ज देऊ नये असे माझे मत आहे, आणि मैदानाबद्दल मला आस्था आहे म्हणूनच ते मी मांडतो आहे.

जत्रा वर्षातून आठ-दहा दिवस भरते. छपरे, गोठे, वीजजोडणी, विमा आणि राखणदार मात्र बाराही महिने पोसावे लागतात. या खर्चाची तोंडमिळवणी होत नसेल तर ती तूट आहे, आणि तूट कर्जाने बुजवली की पुढच्या वर्षी तीच तूट हप्ता सोबत घेऊन परत येते. ४ टक्के इतक्या सौम्य व्याजाने आणि १० वर्षांच्या मुदतीने कर्ज दिले तरी दरवर्षी मुद्दलाच्या सुमारे १२.३ टक्के रक्कम फेडावी लागते. मुदत २० वर्षे केली तर हा आकडा ७.४ टक्क्यांच्या आसपास येतो, पण तोपर्यंत आजचे छप्पर पुन्हा गळू लागलेले असते.

सार्वजनिक पैशाबाबत ही सावधगिरी आजची नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अनेक शहरांनी रोखे काढून रेल्वे कंपन्यांना मदत केली, त्यांतले कित्येक मार्ग पुरे झालेच नाहीत आणि देणे करदात्यांच्या गळ्यात पडले. त्यानंतर अनेक राज्यांनी आपल्या घटनेतच खासगी संस्थांना सार्वजनिक पत उसनी देण्यावर, म्हणजे सरकारी कर्ज वा हमी देण्यावर, बंधने घातली. वॉशिंग्टन राज्याच्या घटनेत गरीब आणि दुर्बळ यांच्या आवश्यक आधाराचा तेवढा अपवाद ठेवलेला आहे. जत्रा कितीही लाडकी असली तरी त्या अपवादात बसत नाही.

प्रतिसाद १

मी अशाच एका मैदानाच्या समितीत सहा वर्षे खजिनदार होतो, म्हणून आपल्या पहिल्याच गृहीतकाला माझी हरकत आहे. आपण तूट आणि रोखीची चणचण एकाच मापाने मोजता आहात. मैदानाचे जवळजवळ सगळे उत्पन्न एका आठवड्यात येते आणि त्या आठवड्यासाठीचा खर्च आधीच्या तीन महिन्यांत करावा लागतो: विम्याचा हप्ता, मंडपवाल्याची आगाऊ रक्कम, वीज कंपनीची अनामत, पशुवैद्यकांचे मानधन. वर्षाअखेरीस हिशेब जुळत असला तरी फाटक उघडण्याच्या आदल्या दिवशी खाते रिकामे असू शकते.

एका वर्षी चौथ्या दिवशी दुपारी पाऊस लागला तो थांबलाच नाही. तिकीटखिडकीतल्या मुलाने गल्ला तिसऱ्यांदा मोजला, आकडा कागदावर लिहिला आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. तो मोठ्याने सांगायचे धैर्य त्याला झाले नाही. जनावरांच्या स्पर्धेच्या रिंगणात मात्र एक लहान मुलगी आपल्या शेळीचा दोर धरून भिजत उभी होती, कारण परीक्षकांनी अजून निकाल दिला नव्हता. त्या वर्षीचा तोटा केवळ पावसाचा होता. मिनेसोटा राज्याची जत्रा १९४९ पासून राज्य सरकारच्या अनुदानाशिवाय चालते, इतकी ती भक्कम आहे. तरीही २०२० साली महामारीमुळे तिला फाटक बंद ठेवावे लागले. ज्यांच्याजवळ गंगाजळी होती त्यांनी ते वर्ष काढले. ज्यांच्याजवळ नव्हती त्या सगळ्यांना नालायक ठरवणे अन्यायाचे होईल.

हंगामापुरते कर्ज द्यावे आणि जत्रा संपल्यावर साठ दिवसांत ते पूर्ण वसूल करावे. यात नगरपरिषदेचे काय जाते?

प्रतिसाद २

कर्ज देण्याला माझा विरोध आहे, मात्र माझे कारण प्रस्तावकांहून वेगळे आहे. धनकोला तारण जप्त करता आले पाहिजे. हप्ते थकले म्हणून कोणती नगरपरिषद जत्रेच्या मैदानाला कुलूप ठोकेल आणि पुढच्या निवडणुकीला सामोरी जाईल? थकबाकीला मुदतवाढ मिळेल, मग व्याजमाफी, मग निर्लेखन, म्हणजे कर्ज बुडीत धरून खात्यातून काढून टाकणे. आणि एवढी वर्षे ती रक्कम शहराच्या ताळेबंदात येणे म्हणून दिसत राहील. पैसा परत येणार नाही हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल, तर अंदाजपत्रकात अनुदान म्हणून तो उघडपणे मांडावा आणि त्यावर मतदान घ्यावे.

प्रतिसाद ३

वरील तिन्ही मतांत जमिनीचा विचार राहून गेला आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. मिशिगन राज्याची जत्रा १८४९ पासूनची. राज्याने पैसा देणे थांबवले आणि २००९ च्या जत्रेनंतर ती बंद पडली. २०१२ पासून त्या राज्यात खासगी व्यवस्थापनाखाली जत्रा पुन्हा भरू लागली, पण दुसऱ्या गावात. डेट्रॉइटमधल्या जुन्या मैदानाच्या मोठ्या भागावर पुढे मालवितरणाचे अवाढव्य गोदाम उभे राहिले. जत्रा पुन्हा भरवता येते, पण शहराच्या पोटातली एवढी मोकळी जागा एकदा गेली की परत मिळत नाही. कॅलिफोर्नियात वणवे पेटतात तेव्हा घोडे आणि गुरे जत्रा मैदानांवरच आणून बांधतात, आणि अग्निशमन दलांचे तळही तिथेच पडतात. हे काम कोणत्याही जमाखर्चात उत्पन्न म्हणून दिसत नाही.

म्हणून मी कर्जाऐवजी खरेदी सुचवतो. नगरपरिषदेने जमीन विकत घ्यावी, संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने परत द्यावी आणि विक्रीच्या रकमेतून जुनी देणी फिटावीत. व्हँकुव्हरच्या मोठ्या वार्षिक जत्रेची मालकी २००४ पासून शहराकडेच आहे. असे केल्यास संस्था बुडाली तरी मैदान शहराच्या हाती राहते.

प्रस्तावकाचे उत्तर

प्रतिसाद १ मधला भेद मी मानतो. तूट आणि चणचण यांची मी गल्लत केली होती. मात्र हा भेद वार्षिक ताळेबंदावरून कळत नाही. मागील पाच वर्षांचा महिनावार रोखप्रवाह लेखापरीक्षकाच्या सहीनिशी समोर आला आणि जत्रेनंतरच्या महिन्यात खाते दरवर्षी सावरलेले दिसले, तर हंगामी कर्जाच्या बाजूने मी हात वर करीन. खरेदीच्या सूचनेत मला धोका दिसतो, कारण छपरांची दुरुस्ती आणि अपघाताची जबाबदारी यांतला बराच भार त्याच दिवशी शहरावर येतो आणि त्याचा खर्च कोणी काढलेला नाही.

जुन्या थकबाकीसाठी कर्ज देण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. ज्यांनी उधारी दिली त्यांनी जोखीम पत्करूनच ती दिली होती.

प्रतिसाद १ चे पुन्हा उत्तर

महिनावार हिशेबाची अट मला मान्य आहे. समितीत असतो तर ती मीच घातली असती. थकबाकीबद्दलचे वाक्य मात्र मला मान्य होत नाही. आमच्या यादीत सर्वांत जुने नाव रिंगणातले दिवे जोडणाऱ्या वायरमनचे होते. त्याचे बिल अकरा महिने थकले होते, आणि पुढच्या जत्रेच्या आदल्या रात्री एक खांब बंद पडला तेव्हा शिडी घेऊन तोच आला.