मदत हवी आहे: अशनीतलं पाणी कुठलं आणि पावसाळ्याचं कुठलं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मर्चिसन अशनीवर (आकाशातून पडलेल्या दगडावर) काम करतोय. मिळालेला तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, त्यातला निम्मा संपलाय. म्हणून उरलेल्याला हात लावायच्या आधी विचारतोय.

मर्चिसन २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात पडला. त्याच्या मूळ लघुग्रहात बर्फ वितळून त्या पाण्याने ऑलिविन या कोरड्या खनिजाचं बरंचसं सर्पेंटाइन, म्हणजे पाणी धरून ठेवणारं खनिज, झालं. ते पाणी आता हायड्रॉक्सिल (ओएच गट) होऊन खनिजाच्या जाळीतच बसलंय, आणि इन्फ्रारेडमध्ये मला नेमकं तेच पाहायचंय.

अडचण अशी, की अगेटच्या खलात घोटलेली काजळीसारखी पूड पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये (इन्फ्रारेड आरपार जाऊ देणाऱ्या क्षारात) मिसळून गोळी दाबली, तर ३४०० वेव्हनंबरपाशी (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींची संख्या) भला मोठा पसरट उंचवटा येतो. १६३० लाही शिखर आहे, म्हणजे सुटं पाणी नक्की आहे. ३६८० च्या आसपास सर्पेंटाइनचा खांदा जेमतेम दिसतो. नुसत्या ब्रोमाइडची गोळी साच्यातून काचेसारखी निघते आणि यंत्रापर्यंत नेईतो दुधाळ होते. बाहेर जुलैचा पाऊस, खोलीतला डीह्युमिडिफायर बंद पडलेला.

नुसत्या गोळीचा आलेख वजा करून पाहिला, पण दर वेळी उत्तर वेगळं येतं. १८६४ साली फ्रान्समध्ये पडलेल्या ओर्गय अशनीतल्या पांढऱ्या सल्फेटच्या शिरा पुढे संग्रहालयातल्या दमटपणाने तयार झाल्याचं निघालं, ते वाचल्यापासून तर माझा माझ्याच आलेखावर विश्वास राहिलेला नाही. पूड किती तापवू, म्हणजे हवेतलं पाणी जाईल आणि खनिज शाबूत राहील?

प्रतिसाद १
आधी ब्रोमाइड सोडा, ते स्वतःच पाणी ओढतं. एटीआरमध्ये (पूड स्फटिकावर नुसती दाबून मोजायच्या पद्धतीत) पूड परत मिळते हे खरं, पण तिथे किरण नमुन्यात तरंगलांबीच्या प्रमाणात शिरतो. त्यामुळे तुम्हाला हवा असलेला ३ मायक्रॉनचा (म्हणजे ३४०० वेव्हनंबरच्या आसपासचा) भागच फिका येतो. डिफ्यूज रिफ्लेक्टन्स (पुडीवरून विखुरलेला प्रकाश मोजायची पद्धत) वापरा. तापवता येणारा निर्वात कक्ष असलेलं उपकरण कुठे मिळतंय का बघा. १०० ते १२० अंशांवर काही तास निर्वातात ठेवा आणि तिथेच, हवा न लागू देता, मोजा. बाहेर काढून मोजलंत तर पाणी पुन्हा चिकटलंच म्हणून समजा. त्याहून फार वर मात्र जाऊ नका. मर्चिसनमध्ये टोचिलिनाइट हे आणखी एक हायड्रॉक्सिलवालं खनिज आहे, ते सर्पेंटाइनच्या बरंच आधी मोडतं.

आणि अशनीला हात लावण्याआधी साधं ऑलिविन त्याच खलात, तितकाच वेळ घोटून मोजा. त्यात जाळीतलं पाणी जवळपास नसतंच. तिथे जो उंचवटा दिसेल तो तुमच्या खोलीचा.

मूळ लेखक
मनापासून आभार! ऑलिविनचं सुचलंच नव्हतं. विभागाच्या कपाटात आहे, उद्या सकाळी तेच घोटतो. निर्वात कक्षाचं उपकरण आमच्याकडे नाही. पुण्या-मुंबईत बाहेरच्या विद्यार्थ्याला कुठे वापरू देत असतील, तर कृपया सांगा. तोवर उरलेली पूड सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्ये बंद.