विजेचं इंजिन, पण चाकांना दांडे: फोटोतला हा ‘खेकडा’च ना?

कसारालाइन:
एक जुना रंगीत प्रिंट हाती आलाय. कसारा घाट, मालगाडी चढणीला, आणि शेवटच्या वॅगनमागे लावलेलं इंजिन. टपावर दोन पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारे हात), म्हणजे विजेचंच. पण चाकांना वाफेच्या इंजिनासारखे आडवे दांडे. नंबर पाच आकडी, त्यातले पहिले दोन ‘२०’ एवढेच वाचता येतात. हा डब्ल्यूसीजी-१, म्हणजे ज्याला ‘खेकडा’ म्हणत तोच का? विजेच्या इंजिनाला दांडे कशाला लागले? आणि फोटो साधारण कधीचा, हे कशावरून ठरवायचं?

डीसी_पंधराशे:
खेकडाच. मुंबईच्या १५०० व्होल्ट डीसी मार्गांवर दांडेवाली इंजिनं एवढीच, दुसरी नव्हती. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, जी म्हणजे मालगाडीचं. जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) काळात याला ईएफ/१ म्हणत. एकूण ४१ आली. पहिली १० स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची, विजेचं सामान मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं. साधारण २६०० अश्वशक्ती, वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत.

नुसत्या ‘२०’वर मात्र विसंबू नका. डब्ल्यूसीएम-५ आणि डब्ल्यूसीजी-२ या नंतरच्या इंजिनांचेही नंबर २० नेच सुरू होतात. खात्री करायची तर आकार बघा: मधे चौकोनी केबिनचा भाग आणि दोन्ही टोकांना बुटकी नाकं. नाक बोगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या वळत्या सांगाड्यावर, बसवलेलं असतं, त्यामुळे वळणावर ते बोगीबरोबर वळतं आणि मधला भाग वेगळ्या रेषेत राहतो. तुमचा फोटो वळणावरचा असेल तर नाक आणि केबिन यांच्यात कोन दिसायलाच हवा.

रॉडबुश:
दांड्यांचं उत्तर मोटारीच्या आकारात आहे. १९२०च्या दशकात सहाशे-साडेसहाशे अश्वशक्तीची मोटार दोन चाकांच्या मधे एक्सलवर टांगण्याएवढी लहान होत नव्हती. म्हणून चार मोटारी वर नाकात ठेवल्या, प्रत्येक बोगीला दोन. त्या गिअरमधून जॅकशाफ्ट (मधला आडवा फिरता आस) फिरवतात आणि जॅकशाफ्टवरून दांडे तिन्ही एक्सल ओढतात. मोटार उंचावर राहिल्याने रुळांवरचं पावसाचं पाणी आणि ब्रेकची धूळही तिच्यापासून लांब. घाटातल्या जुलैत हा फायदा किरकोळ नव्हे.

दुसरा फायदा पकडीचा. तीन एक्सल एकमेकांना बांधलेले असल्याने ओल्या रुळावर एकटं चाक घसरत नाही, घसरलीच तर तिन्ही मिळून.

किंमत शेडला मोजावी लागते. दांड्यांच्या टोकाचे बुश (पिनेभोवतीची कडी) झिजले की ठोका सुरू होतो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिनमध्ये (दांडा चाकाला जोडणाऱ्या खुंटीत) ९० अंशांचा फरक नेमका हवा; तो थोडा जरी हलला तर दर फेऱ्याला दांडे एकमेकांविरुद्ध ओढतात आणि पिनवर ताण येतो. एकाच चाकाचं टायर झिजलं तरी एका बोगीची सहाही चाकं एकाच मापाला तासावी लागतात, कारण जोडलेली चाकं वेगवेगळ्या व्यासाची चालत नाहीत. लहान चाक तेवढ्याच फेऱ्यांत कमी अंतर कापतं, मग त्याला रुळावर थोडं घसरतच जावं लागतं. एक्सलगणिक मोटार बसू लागल्यावर हा व्याप कुणी ठेवला नाही. डेक्कन क्वीन ओढणाऱ्या डब्ल्यूसीपी-१ ला तर त्याच काळात दांडे नव्हते. पण ते वेगाचं इंजिन, काम निराळं.

कॅचसायडिंग:
गाडीच्या मागे लावलंय म्हणजे बँकर, चढावर ढकलायला लावलेलं जादा इंजिन. हिशोब करून बघा. घाटाचा चढ ३७ ला १. हजार टनांच्या गाडीला नुसत्या चढासाठी १०००÷३७, म्हणजे २७ टन ओढ लागते. चाकांचं घर्षण आणि वळणं धरून आणखी तीन-चार टन. इंजिन सव्वाशे टनांच्या आसपास. रुळावरची पकड वजनाच्या पावपट धरली तर ३० टन जेमतेम, तीही कोरड्या रुळावर. शिवाय इंजिनाला स्वतःचं वजनही चढवायचंच असतं, त्यात अजून तीनेक टन गेले. एकट्याने भागत नाही.

मागून ढकलण्याचं कारण वेगळं. सगळी इंजिनं पुढे लावली तर सगळी ओढ पहिल्या कपलिंगवर येते. मागून रेटा दिला की ती विभागली जाते, आणि मधे कपलिंग तुटलंच तर सुटलेल्या वॅगन उतारावर पळत नाहीत.

उतरताना याच मोटारी जनरेटर होऊन तारेत वीज परत देत. अट एकच: ती वीज घेणारं कुणीतरी हवं, चढणारी दुसरी गाडी किंवा उलट वीज घेऊ शकणारं सबस्टेशन. घेणारं नसेल तर तारेतलं व्होल्टेज वाढतं आणि ब्रेक सुटतो. मग हवेचा नाहीतर व्हॅक्यूमचा ब्रेक.

डीसी_पंधराशे:
तारखेसाठी वॅगन बघा. चार चाकी, दोन बाजूंना बफर आणि मधे स्क्रू कपलिंग असेल तर जुनी गाडी. उंच भिंतींची आठ चाकी बॉक्सएन, मधे जाड सेंटर बफर कपलर असेल तर १९८०चं दशक. खेकडे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच टिकले, म्हणजे वरची हद्द तीच. शेजारी डब्ल्यूसीजी-२ उभं दिसलं तर १९७० नंतरचा, हे पक्कं.

तार धरणारे इन्सुलेटरही बघा, डीसीचे छोटे असतात. २००० किलोवॅटला १५०० व्होल्टवर १३३३ अँपिअर लागतात. आताच्या २५,००० व्होल्ट एसीवर ८०. म्हणूनच डीसीची तार जाड.

कसारालाइन:
भिंगाखाली बघितलं. वॅगन चार चाकी, बफरवाल्या. नाक आणि केबिन यांच्यात कोन आहे. ‘खेकडा’ नाव त्यावरूनच का?

रॉडबुश:
काही जण त्या वळणाऱ्या नाकावरून म्हणतात, काही दांड्यांच्या हालचालीवरून. मला दांडेच पटतात. उभं असताना हे इंजिन कण्हल्यासारखं वाजायचं आणि चालताना दांड्यांचा सपसप आवाज यायचा. युरोपात याच्या भावंडांना मगर म्हणतात, पण मगरीला एवढे पाय कुठे?

प्रत्यक्ष बघायचं असेल तर एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत. खाली वाकून जॅकशाफ्टपासून दांडा सुरू होतो तिथला फोटो घ्या. तुमच्या प्रिंटमध्ये तो भाग सावलीत असणार.