पॉवर्ड मिक्सर: अर्ध्या तासात एक बाजू बंद, आणि मोबाईलवरच्या अभंगातून गाणाराच गायब

भजनी_पेठ, सोलापूर

राम कृष्ण हरी मंडळी. मंदिरासाठी पॉवर्ड मिक्सर आणलाय, पुढच्या आठवड्यात सप्ताह बसतोय. मिक्सर ८ चॅनेलचा, आत दोन अँप, 'ए' आणि 'बी', मागे प्रत्येकाखाली '५०० वॅट, किमान ४ ओहम' छापलंय. सभामंडप ६० बाय ३० फूट, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. १५ इंची बॉक्स तीन, मॉनिटरला (गाणाऱ्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून) १२ इंची एक, सगळे ८ ओहम, २५० वॅट आरएमएस. दोन बॉक्स पुढे, एक मागे बायकांच्या बाजूला, तिन्ही एकातून एक जोडत 'ए'वर घेतलेत. मॉनिटर 'बी'वर. माईक सहा: बुवांना कॉलरचा कॉर्डलेस, पेटीला एक, पखवाजाला दोन, चाल धरणाऱ्यांना दोन.

त्रास तीन. अर्ध्या-पाऊण तासाने 'ए' बाजू गप्प होते, पाच मिनिटांनी आपोआप परत येते. टाळ थांबून बुवा निरूपणाला लागले की शिट्टी. आणि कार्यक्रमाआधी मोबाईलवर अभंग लावला तर तबला-पेटी ऐकू येते, गाणारा मात्र विहिरीत बसल्यासारखा. मिक्सर बदलून घ्यावा का?

खर्ज_पंचम

बदलू नका. तो स्वतःला वाचवतोय.

बॉक्सवरचे दोन सॉकेट आतून जोडलेलेच असतात, म्हणजे एकातून एक नेलं तरी जोडणी पॅरललच होते. ८ ओहमचे दोन मिळून ४, तीन मिळून २.६७. छापलेली मर्यादा ४ ची. ४ ओहमच्या मानाने अँपला दीडपट करंट द्यावा लागतो, हीटसिंक तापतो, प्रोटेक्शन बाजू तोडतं, थंड झालं की परत जोडतं. तुमची 'पाच मिनिटं' ती हीच.

एकदा मल्टिमीटरने खात्री करा. मिक्सर बंद, स्पीकरची वायर मिक्सरमधून काढायची, तिच्या टोकाला ओहम मोजायचे. ८ ओहमचा एक बॉक्स मीटरवर साडेपाच ते सातच्या मध्ये दिसतो, मीटर डीसी मोजतो म्हणून कमी. दोन पॅरलल साधारण ३ ते साडेतीन. दोन-सव्वादोन दिसलं तर तिसरा बॉक्स लटकलेला आहे. अर्ध्या ओहमच्या खाली गेलं तर पिनमध्ये शॉर्ट, आणि ती वायर मिक्सरला लावायचीच नाही.

आता मिक्सरवर एक सरकती कळ शोधा: एका बाजूला 'एल-आर' (डावा-उजवा), दुसऱ्या बाजूला 'मेन-मॉनिटर'. माझा अंदाज, ती 'एल-आर'वर आहे. तसं असेल तर तुमचा मॉनिटर हा मॉनिटर नाहीच, मेनची उजवी बाजू आहे. पाच सेकंदांत कळेल: बुवांच्या चॅनेलवरचा मॉनिटरचा नॉब शून्यावर आणा. १२ इंचीतला आवाज तसाच राहिला तर कळ चुकीच्या जागी आहे, आणि शिट्टीचं निम्मं कारण तिथेच सापडलं. कळ 'मेन-मॉनिटर'वर टाका, पुढचे दोन बॉक्स 'ए'वर, मॉनिटर 'बी'वर. कळ हलवताना मिक्सर बंद.

मागचा बॉक्स या मिक्सरवरून काढा. 'बी'वर ओहम बसतात, पण तिथून मॉनिटरचं मिश्रण येईल. शिवाय ६० फूट म्हणजे १८ मीटर, आपल्या हवेत आवाजाला तेवढं जायला ५० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. मागे बसलेल्याला आधी मागचा बॉक्स ऐकू येतो, मग पुढचा, म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा. मागे हवाच असेल तर डिले (आवाज थोडा उशिरा सोडायची सोय) असलेला अॅक्टिव्ह, म्हणजे आतच अँप असलेला बॉक्स घ्या आणि त्याला सिग्नल 'मेन लाईन आउट'मधून द्या. स्पीकर आउटपुट अॅक्टिव्ह बॉक्सच्या इनपुटला कधीही नाही. त्यातून चाळीस-पन्नास व्होल्ट येतात, इनपुटला हवे असतात एक-दोन.

वायर कोणती वापरलीये ते लिहिलं नाहीत. मिक्सरच्या मागे पी-३८ (पाव इंची जाड जॅकचं) सॉकेट असेल तर बरेच जण माईकचीच शिल्डेड वायर स्पीकरला लावतात, कारण जॅक सारखाच दिसतो. आतली तार केसासारखी असते, तापते, इन्सुलेशन वितळून शॉर्ट होतं. दोन कोरची २.५ चौरस मिमी घ्या. हिशेब असा: ०.७५ ची वायर २५ मीटर ओढली तर जाऊन-येऊन ५० मीटर तांबं, सव्वा ओहमच्या आसपास रेझिस्टन्स. २.५ मध्ये तोच ०.३५.

पी३८_की_ईपी

मोबाईलचं सांगतो. तुमच्या वायरला एका टोकाला ईपी पिन (हेडफोनची बारीक, साडेतीन मिमी) आणि दुसऱ्या टोकाला कॅनन (माईकची तीन पिनांची), किंवा तीन भागांची स्टिरिओ पी-३८ असणार, आणि ती माईकच्या चॅनेलमध्ये खुपसलेली असणार. बरोबर ना?

माईकचं इनपुट बॅलन्स्ड असतं. २ नंबरच्या पिनवर जे येतं त्यातून ३ नंबरवरचं वजा करायचं, हेच त्याचं काम. वायरवर शिरलेला गोंगाट दोन्हीकडे सारखा असतो, तो अशाने कटतो. तुम्ही २ वर डावा आणि ३ वर उजवा दिलात. रेकॉर्डिंगमध्ये गायक मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे डाव्या-उजव्यात अगदी सारखा. सारखं ते वजा झालं, गायक गेला. उरला त्याचा इको आणि कडेला ठेवलेली वाद्यं. 'विहिरीत' अगदी नेमकं लिहिलंत!

स्टिरिओ चॅनेल असेल, बहुतेक ७-८ असं जोडीचं असतं, तर ईपी ते दोन मोनो पी-३८ अशी वाय वायर लावा, डावा डाव्यात, उजवा उजव्यात. नवी पेठेत कुठल्याही साउंडच्या दुकानात मिळेल. एकच चॅनेल मोकळं असेल तर दोन्ही सिग्नल प्रत्येकी १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र आणून मोनो पी-३८ करून घ्या. नुसते पिळून जोडू नका, दोन आउटपुट एकमेकांवर लोड टाकतात.

आणखी एक. पॉवर्ड मिक्सरवर ४८ व्होल्ट फँटमचं (कंडेन्सर माईकला वायरीतूनच वीज देणारं) बटण बहुधा सगळ्या चॅनेलना मिळून एकच असतं. कॅननमधून मोबाईल लावलेला असताना कुणी ते दाबलं तर ते ४८ व्होल्ट मोबाईलच्या दिशेने जातात. कंडेन्सर माईक नसेल तर बटण बंदच ठेवा.

टाळ_मृदंग_ट्रेबल

शिट्टीकडे येऊ. कळ बरोबर लावल्यावरही थोडी राहीलच, कारण पत्रा आणि फरशी.

टाळांच्या गजरात बुवांचा आवाज वर यावा म्हणून त्यांचा फेडर (चॅनेलच्या आवाजाचा नॉब किंवा दांडा) चढवलेला असतो. तेव्हाच माईक शिट्टीच्या काठावर आलेला असतो, फक्त टाळांत ते ऐकू येत नाही. टाळ थांबले की उघडं पडतं. त्यात सहा माईक उघडे. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची जागा ३ डीबीने घटते. निरूपण सुरू झालं की पेटी, पखवाज आणि चालीचे पाचही माईक म्यूट करा, जवळजवळ ८ डीबी मोकळे होतात. तेवढं कुठल्याही इक्वलायझरने मिळणार नाही. मिक्सरवर बसलेल्याचं लक्ष मोबाईलवर नको, बुवांवर हवं. इतकंच.

गेन (माईकचा सिग्नल चॅनेलमध्ये शिरतानाच वाढवणारा नॉब) आधी, बाकी नंतर. चॅनेलचा फेडर शून्याच्या खुणेवर, मास्टर खाली. चाल धरणाऱ्याला सांगायचं, सर्वात वरची तान घे. नुसतं 'हॅलो चेक' नको, त्या आवाजात कुणी गात नाही. पीकचा लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवायचा आणि मग थोडा मागे. असं प्रत्येक चॅनेलला. नंतर कार्यक्रम चालू असताना गेनला हात लावायचा नाही, कारण गेन हलला की मॉनिटरचा आवाजही हलतो. माईकवर लो-कट (खर्जाची घरघर कापणारं बटण) असेल तर पखवाजाची डावी बाजू सोडून सगळीकडे चालू.

माईकच्या जागा. पेटीला वरून एक वीतभर अंतरावर, भात्याच्या हवेत नको. पखवाजाला दोन्ही बाजूंनी चार ते सहा इंच, कणकेच्या बाजूचा माईक किंचित तिरका, नाहीतर हातच लागतो. टाळांना माईक देऊच नका, ते सगळ्यांच्या माईकमधून येणारच आहेत. उलट टाळकऱ्यांना चालीच्या माईकच्या पाठीमागच्या अंगाला उभं करा. चालीचे दोन माईक एकमेकांपासून, तोंड आणि माईक यांच्या अंतराच्या तिप्पट तरी लांब. आणि माईकची जाळी मुठीत धरायची नाही. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माईकची मागची छिद्रं झाकली की तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो.

मॉनिटर चालीच्या माईकच्या बरोबर पाठीमागे जमिनीवर, तोंड गाणाऱ्याकडे. बुवांचा कॉलर माईक बहुधा सर्व दिशांनी ऐकणारा असतो, म्हणून मॉनिटरमध्ये बुवांचा आवाज जवळजवळ शून्य, पेटी आणि चाल पुरेशी. बुवा नाचत पुढच्या बॉक्सच्या समोर येत असतील तर बॉक्स आणखी चार-पाच फूट पुढे सरकवा. लोक खाली बसतात, तरी बॉक्स स्टँडवर पाच-सहा फुटांवर घ्या आणि तोंड किंचित खाली झुकवा. हॉर्न (बॉक्समधला बारीक आवाजाचा भाग) पत्र्याकडे बघत असेल तर आवाज परत बुवांच्याच छातीवर येतो.

शेवटी ग्राफिक इक्वलायझर. सगळे दांडे मध्यावर. मंडप रिकामा असताना माईक आपापल्या जागी उघडे ठेवून मास्टर हळूहळू वर. घुमायला लागलं की ओळखा: 'ऊ' सारखं घुमलं तर २५०, 'ओ' तर ५००, 'आ' तर १ किलोहर्ट्झ, 'ई' किंवा त्याहून बारीक असेल तर २ ते ४. तो दांडा ३ डीबी खाली. पुन्हा मास्टर वर, पुन्हा ओळखा. दोन किंवा तीन दांड्यांवर थांबायचं. सातही दांडे खाली आणले तर तो नुसता मास्टर कमी केल्यासारखा आहे. मग मास्टर तिथून थोडा खाली आणा आणि फेडरवर चिकटपट्टी लावून खूण करा.

इको मॉनिटरमध्ये नको. निरूपणाच्या वेळी मेनमध्येही नको, पत्रा पुरेसा इको देतो.

मंडप_वायरमन

वरचं सगळं बरोबर, पण प्लग लावायच्या आधी बोर्डावर मीटर लावा. फेज-न्यूट्रल २२० ते २४०. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ ५ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ कमी दाखवत असेल किंवा मीटर तरंगत असेल तर अर्थिंग नाही. अर्थिंग नसलं की मिक्सरच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे त्याच्या बाहेरच्या धातूवर शंभरेक व्होल्ट तरंगतात, आणि माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. तिसरी पिन तोडून 'हमिंग गेली' म्हणणारे भेटतील. त्यांना मिक्सरजवळ येऊ देऊ नका. लॅपटॉपमुळे घूं येत असेल तर ग्राउंड लिफ्ट (अर्थची जोड तोडायची कळ) असलेला डीआय बॉक्स मध्ये लावा, तो लॅपटॉपचा सिग्नल माईकसारखा करून मिक्सरला देतो.

थ्री फेजवर मंडपाची लाईट असेल तर न्यूट्रलचा स्क्रू स्वतः आवळून बघा. तो सुटला की ज्या फेजवर लोड कमी त्यावर व्होल्टेज ३००, ३५० पर्यंत चढतं. पहिला मरतो तो मिक्सर, हॅलोजन नंतर.

चालू करताना कॉर्डलेसचा रिसिव्हर आधी, मिक्सर शेवटी, मास्टर खाली. बंद करताना मिक्सर आधी.

आणि मिक्सर सतरंजीवर किंवा गादीवर नको, फॅनचं तोंड बुजतं. टेबलावर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. धुळीसाठी चादर टाकायची ती कार्यक्रम संपल्यावर. आपल्या चादरी चांगल्या जाड असतात, चालू मिक्सरवर टाकली की तुमची ती पाच मिनिटांची सुट्टी परत सुरू.

भजनी_पेठ, सोलापूर

सगळ्यांचे आभार. कळ 'एल-आर'वरच होती! मॉनिटरचा नॉब फिरवून काही बदललं नाही. मीटरवर 'ए'ची वायर २.१ ओहम. मागचा बॉक्स काढला. मोबाईलची वायर स्टिरिओ पी-३८ च निघाली.

एक राहिलं. शिखराजवळ दोन जुने भोंगे आहेत, जुन्या अँपवर चालायचे. काकड्याला ते या मिक्सरवर घेता येतील का?

खर्ज_पंचम

थेट नाही. ते भोंगे बहुधा १०० व्होल्ट लाईनचे (लांब वायरीवर जास्त व्होल्टने चालणारे) आहेत, युनिटच्या मागे लहान ट्रान्सफॉर्मर असेल, त्यावर वॅटचे टॅप (भोंग्याने किती वॅट घ्यायचे ते ठरवणारे जोड). ४ ओहमच्या आउटपुटवर ते नीट वाजत नाहीत. आणि ट्रान्सफॉर्मर काढून युनिट थेट लावलं तर ५०० वॅटच्या बाजूपुढे त्याचा डायफ्रॅम टिकत नाही, पखवाजाचा खर्ज तर त्याला आधी फाडेल. जुना अँप ठेवा. मिक्सरच्या लाईन आउटमधून त्याच्या ऑक्स इनपुटला सिग्नल द्या, भोंगे जुन्या अँपच्या १०० व्होल्टवर. सगळ्या टॅपची बेरीज जुन्या अँपच्या वॅटच्या आत, वीस टक्के सोडून.

काकडा मात्र पहाटेचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावता येत नाही. काकड्याला जुना अँप बंद, आतले दोन बॉक्सही खालच्या आवाजात. भोंगे सहानंतर.

टाळ_मृदंग_ट्रेबल

कळ बदललीये तर इक्वलायझर पुन्हा पहिल्यापासून करा. आधीचे दांडे चुकीच्या मॉनिटरसाठी ओढलेले होते.