इंटरनेट कंपनीच्या डब्याला नुसता मोडेम करा, राउटर स्वतःचा लावा. पटतंय का?

गावभागकर

आमचं घर सांगलीत गावभागात. जुना वाडा, निम्मा पाडून नवा बांधलेला, निम्मा तसाच. मागच्या खोल्यांच्या भिंती दगडमातीच्या, दोन फूट जाड. फायबर आलं तेव्हा कंपनीच्या माणसानं डबा सोप्यात दाराशेजारी ठोकला, कारण त्याची तार तिथवरच पोचत होती. सोप्यात बसून स्पीड मोजला की नव्वद एमबीपीएसच्या वर. माजघरात तीस. मुलगी अभ्यासाला बसते त्या मागच्या खोलीत तीन-चार, तेही दार उघडं ठेवलं तर. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "सर, डब्यापाशी फुल स्पीड येतोय." येतोय की. पण दाराशेजारी उभं राहून अभ्यास कोण करणार?

दिवाळीच्या सुट्टीत मनावर घेतलं. त्या एका डब्यात खरं तर तीन वस्तू कोंबलेल्या असतात. काचेच्या तारेतला प्रकाश साध्या वायरच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटून देणारा राउटर, आणि वायफायचा रेडिओ. पहिली वस्तू कंपनीचीच लागते, तिथं इलाज नाही. बाकीच्या दोन आपल्या का नसाव्यात? कंपनीकडून डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे त्यानं फक्त ती पहिली वस्तू म्हणून काम करायचं. पीपीपीओईचं (म्हणजे कंपनीच्या लाईनवर लॉगिन करायचं) यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे त्याच तारेतल्या वेगळ्या वाटेचा, नंबर मागितला, त्यासाठी चार फोन आणि एकदा आवाज चढवणं एवढं लागलं. सोप्यापासून माजघरातल्या कोनाड्यापर्यंत चौदा मीटर कॅट-६ नेटवर्क वायर ओढली आणि कोनाड्यात स्वतःचा राउटर ठेवला. मागच्या खोलीत आता चाळीस मिळतात.

दुसरा फायदा मला नंतर कळला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हाचा डबा सोप्यातच गेला. आता डब्याला वायफाय द्यायचंच नाही, तर तो खाली कशाला हवा? तारेचं वेटोळं दोन-तीन मीटर शिल्लक होतं, डबा पोटमाळ्याखाली सरकवला.

माझं मत: ज्याचं घर त्याचा राउटर. कंपनी बदलली तरी वायफायचं नाव, पासवर्ड, टीव्ही, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहतं. आमच्याकडे आतापर्यंत तीन कंपन्या झाल्या, आणि दर वेळी आईच्या टीव्हीवर रिमोटनं पासवर्ड टाईप करण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

निवृत्त तारवाला

टेलिफोनच्या कामात एकतीस वर्षं काढली, म्हणून बोलतो. तुम्ही जे नवीन म्हणून सांगताय ते आम्ही लोकांच्या घरातून काढून टाकलंय.

२००५ साली ब्रॉडबँड आलं तेव्हा मोडेम वेगळाच असायचा. आधी फोनच्या तारेवर स्प्लिटर, एक वाट फोनला, एक मोडेमला, मोडेममधून वायर कॉम्प्युटरला. मग कॉम्प्युटरवर यूजरनेम टाकून 'कनेक्ट' दाबायचं. वायफाय हवं असेल तर राउटर आणखी वेगळा. तक्रार आली की आधी तासभर दोष कुणाचा यावरच जायचा. मोडेमवाला म्हणायचा राउटर बघा, राउटरवाला म्हणायचा लाईन बघा. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून थेट मोडेममध्ये, दुसऱ्या दिवशी पिशवीत मोडेम घेऊन माणसं दारात उभी. फायबरनं तेवढा त्रास संपवला. एक डबा, एक अ‍ॅडॉप्टर, चार दिवे. पॉनचा दिवा स्थिर असला की ठीक, एलओएसचा लाल लागला की तार तुटली किंवा वाकली. घरातली म्हातारी बाई फोनवर सांगू शकते, "लाल लागलाय बाबा."

तुमच्या घरी आता ती काय सांगेल? दोन डबे, दोन अ‍ॅडॉप्टर. लाईट गेली की मिनी यूपीएस दोन आउटपुटचा हवा, आणि एक डबा १२ व्होल्टचा नि दुसरा ९ व्होल्टचा निघाला तर पिन बसते म्हणून कुणीतरी उलटी लावणार आणि राउटर जळणार. बंद-चालू करायचं तरी क्रमानं, आधी कंपनीचा, त्याचा दिवा स्थिर झाला की मग तुमचा. हे तुमच्या घरात तुम्ही सोडून कुणाला माहीत आहे?

तुमच्या वाड्यापुरतं जमलं, आनंद आहे. पण "डब्याला नुसता मोडेम करा" असं सगळ्यांना सांगू नका.

अर्धवट इंजिनिअर

विषयाला धरून नाही, पण फायबरच्या डब्याला मोडेम म्हणणं चूक. त्याचं नाव ओएनटी.

गावभागकर

बरं. आई त्याला 'वायफायची पेटी' म्हणते, तिलाही कळवतो.

विश्रामबाग दुसरा मजला

मी तारवाला काकांच्या बाजूनं. आमचा टू बीएचके फ्लॅट, विटांच्या भिंती. डबा हॉलच्या मध्यभागी लावून घेतला, तोही त्या माणसाला चहा पाजून. दोन्ही बेडरूममध्ये नीट चालतं. नवरा घरून काम करतो, मी ऑनलाईन क्लास घेते. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून यानं वेगळा राउटर आणून डब्याला जोडला, ब्रिज वगैरे न करता. मग काय, इंटरनेटच बंद! दोन्हीकडे १९२.१६८.१.१ हाच पत्ता, दोघेही स्वतःला घरमालक समजतायत. तो पत्ता बदलल्यावर चालू झालं, पण यांच्या ऑफिसचं काहीतरी अडखळायला लागलं. शेवटी राउटर खोक्यात परत गेला, अजून माळ्यावर आहे. कुणाला हवा असेल तर सांगा.

मिरज जंक्शन

वहिनी, राउटर विकू नका. दोष राउटरचा नाही, जोडण्याचा आहे.

दोन राउटर एकामागे एक लावले की पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, डबल नॅट म्हणतात ते. साध्या ब्राऊझिंगला काही होत नाही, पण गेम, काही व्हीपीएन (ऑफिसला जोडणारी खाजगी वाट) आणि बाहेरून घरातलं यंत्र बघणं अडतं. यावर उपाय दोन आहेत आणि सगळे फक्त ब्रिजचं नाव घेतात. दुसरा सोपा आहे. राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. मग तो पत्ते वाटत नाही, फक्त वायफाय देतो. मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा मोकळा पत्ता द्या आणि डब्यातून येणारी वायर वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या लाईनचा) न लावता लॅनमध्ये (घरातल्या यंत्रांचा) लावा. दोन्हीकडे वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवलं की फोन आपलाआपण जवळचा पकडतो. कंपनीला एकही फोन नाही, पासवर्ड मागणं नाही.

गावभागकरांना जो फायदा झाला तो ब्रिजचा नाही, चौदा मीटर वायरचा आहे. हे मान्य करा की राव.

गावभागकर

वायरचा आहे, मान्य. पण अ‍ॅक्सेस पॉइंटवर घराची किल्ली कंपनीच्याच खिशात राहते. लांबून डब्याच्या सेटिंग बदलायची सोय त्यांच्याकडे असते, टीआर-०६९ म्हणतात. गेल्या वर्षी आमच्या डब्यावर त्यांनी काहीतरी अपडेट टाकलं आणि सकाळी उठून बघतो तर वायफायचं नाव कारखान्यातलं, मुलीच्या मोबाईलवर रात्रीची वेळ बांधून दिली होती तीही उडालेली. दहावीचं वर्ष होतं. तिला आनंद झाला, मला नाही.

निवृत्त तारवाला

त्याच सोयीमुळे शंभरातल्या नव्वद तक्रारी माणूस घरी न पाठवता सुटतात. नव्वदचा आकडा माझा अंदाज, भांडू नका. आणि कंपनी अपडेट टाकते म्हणून तुम्ही रागावता, पण तुमच्या राउटरवर शेवटचं अपडेट तुम्ही कधी टाकलंत? खरं सांगा. लोक राउटर विकत घेतात आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन'च ठेवतात. मालक व्हायचं तर राखणही करावी लागते.

गावभागकर

आत्ता टाकलं. दोन अपडेट बाकी होती. गप्प बसतो थोडा वेळ.

पोलवरचा माणूस

मी केबलवाला, सांगलीचाच. कंपनीचं नाव घेत नाही, तुम्हीपण घेऊ नका.

आमच्या बाजूनं सांगतो. ब्रिज करून दिला की आमचा हात डब्यापर्यंत. पुढचं दिसतच नाही. रात्री अकराला फोन येतो, "नेट बंद हाय." मी इथून बघतो तर प्रकाश येतोय, पॉवर बरोबर. म्हणजे पलीकडं पीपीपीओई लागलेलं नाही. राउटर रिसेट मारलाय कुणीतरी, आणि यूजरनेम लिहिलेला कागद सापडत नाही. मग शिव्या मलाच. म्हणून आमची पोरं ब्रिजला टाळाटाळ करतात. ज्याला कळतंय त्याला मी बिनबोभाट करून देतो, फक्त एवढं करा: यूजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन राउटरच्या बुडाला चिकटवून ठेवा. राउटर बदलला तर आम्हाला कळवा, काही ठिकाणी जुन्या यंत्राचा मॅक नंबर (त्याची ओळख) बांधलेला असतो, नवीन लावला की लाईन उचलतच नाही.

आणि एक. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या पोलवरच्या तारा ओढून नेतात. तेव्हा तुमचा राउटर सोन्याचा असला तरी लाल दिवाच लागणार. त्या आठवड्यात फोन जरा सबुरीनं करा.

द्राक्षबाग तासगाव

मला नुसतं विचारायचंय. बेदाणा शेडवर कॅमेरे लावलेत, रेकॉर्डिंगचा डीव्हीआर तिथंच. ब्रिज करून स्वतःचा राउटर लावला की घरून मोबाईलवर थेट दिसेल का? दुकानदार म्हणतो पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडली, की झालं.

मिरज जंक्शन

भाऊ, आधी राउटरमध्ये वॅनचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशानंही सुरू होत असेल तर तो पत्ता कंपनीनं बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे, सीजी-नॅट. अशा वेळी पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. ब्रिजनं काडीचा फरक पडणार नाही. एकतर कंपनीकडून स्थिर पत्ता महिन्याच्या भाड्यानं घ्या, नाहीतर डीव्हीआरच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा, ते आतून बाहेर जोडतं म्हणून चालतं. दुकानदाराला आधी पैसे देऊ नका.

द्राक्षबाग तासगाव

बघितलं. १००.८१ आहे. दुकानदार उद्या येणार होता, नको म्हणून सांगतो.

विश्रामबाग दुसरा मजला

माळ्यावरचा राउटर काढला. जंक्शनदादांनी सांगितलं तसं लॅनमध्ये वायर लावून गॅलरीच्या खोलीत ठेवला. चाललाय. पण आमचा प्लॅन दोनशेचा, त्यावरून ९४च्या वर काही जात नाही. डब्याच्या वायफायवर १८० येतात.

अर्धवट इंजिनिअर

९४ म्हणजे कुठंतरी शंभर एमबीपीएसचा पोर्ट. एकतर तुमच्या राउटरचे लॅन पोर्ट जुने, नाहीतर वायरमधली एखादी तार तुटली. गिगाबिटला, म्हणजे हजारच्या वेगाला, आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात, म्हणून बाकीच्या चारांतली एक तार तुटली तरी वायर 'चालते' आणि कुणाला संशय येत नाही. वायर बदलून बघा. तरीही ९४ तर पोर्टच शंभरचे.

विश्रामबाग दुसरा मजला

वायर बदलली. ९४च. म्हणजे राउटर परत माळ्यावर. काका जिंकले!

निवृत्त तारवाला

मी जिंकलो नाही, शंभरचा पोर्ट हरला. गॅलरीत ९४ पुरत असतील तर राहू द्या की.

गावभागकर, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. ब्रिज केल्यावर डब्यावरचा लँडलाईन फोन चालू आहे का? आवाजाची वाट बहुतेक वेगळ्या व्हीलॅनवरून जाते, त्यामुळे राहायला हवा. पण माझ्या मेव्हण्याच्या घरी ब्रिज करताना सगळं प्रोफाईल पुसलं आणि फोन चार दिवस मुका होता. त्याला कळलंही नाही, कारण मोबाईलच्या काळात तो फोन उचलतो कोण.

गावभागकर

आमचा चालू आहे. आई रोज मावशीला त्यावरूनच फोन करते, बंद पडला असता तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं.

काका, तुमचं म्हणणं निम्मं पटलं. यूजरनेमचा कागद राउटरच्या बुडाला चिकटवला, आणि आईसाठी दोन प्लगांवर खडूनं १ आणि २ लिहिलं. पण ब्रिज काढणार नाही. आता मागच्या खोलीतसुद्धा वायरच न्यायची आहे, चाळीस पण नको, पूर्ण हवेत. अडचण ती दोन फुटी भिंत. कुणी तरी मेश (एकमेकांशी वायफायनं बोलणाऱ्या पेट्या) घ्या म्हणालं, पण मेशलासुद्धा भिंतीतून सिग्नल जावाच लागतो ना?

मिरज जंक्शन

जावाच लागतो. वायर न ओढता मेश लावलं तर वायफायचा वेगवान पाच गिगाहर्ट्झचा पट्टा त्या भिंतीत मरतो आणि मग ते २.४च्या हळू पट्ट्यावर रडत बसतं. भोक पाडा.

निवृत्त तारवाला

भोक मी पाडून देतो. रविवारी सकाळी मोकळा आहे. ड्रिल माझं, पण एवढं लांब बिट नाही, ते तुम्ही आणा. दगडात मारायचं नाही, दगडांच्या मधल्या मातीच्या सांध्यात मारायचं, बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवून, म्हणजे पावसाचं पाणी वायरीबरोबर आत येत नाही. ब्रिजबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गावभागकर

या काका, चहा आहे. बिट आज कापडपेठेच्या बाजूला बघून येतो. फक्त आई म्हणते, देवघराच्या भिंतीला हात लावायचा नाही. म्हणजे वायर वळसा घालून न्हाणीघरावरून न्यावी लागेल. चौदाच्या जागी बावीस मीटर.